रकाना क्रमांक नऊ

परिपत्रकं आमच्याकडे पावसासारखी येतात, म्हणजे नको तेव्हा आणि धो धो. त्यामुळे परवा आणखी एक आलं तेव्हा कुणी मान वर केली नाही. सोबत अकरा रकान्यांचा एक अर्ज होता. पहिले सात रकाने नेहमीचे. नाव, जन्मतारीख, नेमणुकीचा दिनांक, आधार क्रमांक, वर्गाचा पट, त्यात मुलं किती मुली किती, आणि सातव्यात पुन्हा आधार क्रमांक. पहिल्या वेळी आम्ही खरा लिहिला असेल यावर त्यांचा विश्वास नसावा. आठवा रकाना : 'शौचालय आहे / नाही. असल्यास वापरात आहे / नाही. पाण्याची सोय.' आणि त्याच्या खाली, त्याच रुंदीचा, त्याच टाइपातला नववा : 'आपले बालशिक्षणविषयक तत्त्वज्ञान (१५० शब्दांत).'

मी २२ वर्षं पहिलीचा वर्ग घेतेय. एवढ्या वर्षांत लोकांनी मला पुष्कळ काही विचारलं. मतदारयादीतले मयत किती, दुबार किती. कुणाच्या खात्यात गणवेशाचे पैसे जमा झाले नाहीत. खिचडीचा तांदूळ किती पोती शिल्लक आहे. एका पालकाने तर म्हैस आटली तर काय करावं हेही विचारलं होतं, कारण बाई शिकलेल्या असतात. पण तत्त्वज्ञान आजवर कुणी मागितलं नव्हतं. मी जरा लाजलेच.

"एवढं काय त्यात?" आमचे मोठे सर म्हणाले. "विद्यार्थीकेंद्री, आनंददायी, सर्वांगीण, हे तीन शब्द घ्या. मध्ये क्रियापदं टाका. झालं तत्त्वज्ञान."

संध्याकाळपर्यंत तेही कष्ट उरले नाहीत. शिक्षकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर कुणीतरी बरोबर १५० शब्दांचं तयार तत्त्वज्ञान टाकलं आणि त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मी वाचून पाहिलं. सुरुवात अशी होती : आमच्या दुर्गम, डोंगराळ भागातील निसर्गरम्य वातावरणात. आता भिवंडीला दुर्गम म्हणायला माझी हरकत नाही. संध्याकाळी पाच वाजता रांजनोली नाक्यावर कंटेनरच्या रांगेत रिक्षात बसून पाहिलेला कुणीही हरकत घेणार नाही. डोंगराळही म्हणता येईल, खड्डा म्हणजे उलटा डोंगरच. पण निसर्गरम्य? तेवढं खोटं सहीनिशी लिहायचा धीर झाला नाही.

म्हणून मी आपलं स्वतःचं तत्त्वज्ञान शोधायला बसले.

डी.एड.ला होते तेव्हा ते भरपूर होतं. दोनशे पानी वहीच होती. फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीत लहान मुलांची शाळा काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं. मुलं ही रोपटी, शिक्षक हा माळी. पाच गुणांचा प्रश्न होता. मला साडेचार पडले. ते वाक्य डोक्यात घेऊन जूनमधल्या एका सोमवारी मी कल्याणहून निघाले. दुर्गाडीचा पूल, कोन, रांजनोली, भिवंडी. शाळेच्या तीन अंगांना यंत्रमागांचे कारखाने आणि चौथ्या अंगाला गटार. रोपटी छप्पन. माळी एक, तोही कालच पास झालेला. आणि सगळी रोपटी जिवाच्या आकांताने रडत होती, एक सोडून. ते एक माझा पदर ओढून सारखं म्हणत होतं, "उच्चा, उच्चा."

शिक्षणाचा हेतू उच्च असतो हे मला ठाऊक होतं. पण एखाद्या विद्यार्थ्याला तो पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला उमगेल असं वाटलं नव्हतं. मागे बसल्यामुळे त्याला दिसत नसेल, उंचावर बसायचं असेल, असा मी अर्थ लावला. त्याला उचललं आणि माझ्या टेबलावर उभं केलं. "हं, आता दिसतं का सगळं?"

सगळं दिसलं. सगळ्यांना दिसलं. नवा कोरा हजेरीपट, त्यातली मी आदल्या रात्री मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेली छप्पन नावं, सगळं वाहून गेलं. शेजारच्या वर्गावरच्या बाई फडकं घेऊन धावत आल्या आणि तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "अहो, तो पद्मानगरचा आहे. तेलुगूत उच्चा म्हणजे लघवी."

भिवंडीची गंमत अशी की इथे मागाला लागणारे हात देशभरातून आले. तेलंगणातले पद्मशाली आले, उत्तर प्रदेश-बिहारचे कारीगर आले, आगरी-कोळी तर इथलेच. मोठी माणसं ज्या त्या मोहल्ल्यात, ज्या त्या नगरात राहतात. पण कुणाची खोली मराठी शाळेच्या दाराशी पडते, कुणाच्या बापाला 'महाराष्ट्रात राहायचं तर मराठी पाहिजे' असं वाटतं, आणि मग ही सगळी माणसं सहा वर्षांची होऊन माझ्या एका खोलीत येऊन बसतात. तेलुगू पोर उच्चा म्हणतं. आगरी पोर म्हणतं, "बाई, मना मुताला जायचाय." भोजपुरी पोर म्हणतं, "मॅडम, एक नंबर." वीटभट्टीवरची पोरं काहीच म्हणत नाहीत, सरळ पळत सुटतात, आणि माझ्या मते त्यांचीच पद्धत सगळ्यांत शास्त्रशुद्ध आहे.

तेव्हापासून माझा पहिला पाठ ठरला. 'अ' अननसाचा हा पाठ दुसरा. अननस जून महिन्यात भिवंडीतल्या किती पोरांनी पाहिलेला असतो? करंगळी मात्र प्रत्येकाकडे असते. दोन असतात. पहिल्या दिवशी मी फळ्याला हात लावत नाही. करंगळी वर करायची, बाईंनी मान हलवली की जायचं, परत यायचं, झालं. ही आमच्या वर्गाची पहिली समान भाषा. धरून बसलेल्या मुलाला 'अ' आणि 'आ' सारखेच दिसतात, हे वाक्य फ्रोबेल यांच्या प्रकरणात कुठेही नव्हतं. तेव्हा माझा अर्धा गुण गेला, त्यांचा मी निदान एक कापला असता.

या पद्धतीचा एक तोटा आहे. एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी प्रेमाने विचारलं, "कोण कोण कविता म्हणून दाखवणार?" बेचाळीस करंगळ्या वर झाल्या. शेरेबुकात नोंद झाली : 'वर्गास वारंवार बाहेर जाण्याची सवय आहे.'

खोट्या करंगळ्याही असतात, हे मला कळतं. मी तपासत नाही. यंदा एक पोरगा दिवसातून सात वेळा करंगळी वर करायचा. सात वेळा म्हणजे मूत्रपिंडाचा प्रश्न, डॉक्टरला दाखवायला हवं, म्हणून मी एकदा हळूच त्याच्या मागे गेले. तो शौचालयाकडे वळलाच नाही. शाळेच्या मागच्या भिंतीला एक भगदाड आहे, त्याला डोळा लावून उभा राहिला. पलीकडच्या शेडमध्ये त्याची आई मागाच्या सुताच्या कांड्या भरायच्या मशीनवर बसते. ती आहे ना, एवढं त्याने पाहिलं, आणि चड्डी वर ओढत परत वर्गात येऊन बसला. मीही त्याच्या आधी येऊन बसले होते. दिवाळीपर्यंत सातावरून दोनावर आलं. भगदाड बुजवायचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीत दोनदा आला, दोन्ही वेळा मी त्यात काहीतरी शुद्धलेखनाची चूक काढली.

आता मारिया मॉन्टेसरी. या बाईंबद्दल माझ्या मनात जरा अपराधीपणा आहे. कल्याणला आमच्या सोसायटीसमोर त्यांच्या नावाची पाटी लागलेली शाळा आहे. तिथल्या नर्सरीची फी ऐकून मी त्यांना वर्षानुवर्षं श्रीमंतांच्या बाई समजत होते. नंतर नीट वाचलं. त्यांचं पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सॅन लोरेन्झो या मजूरवस्तीत उघडलं. आईबाप दिवसभर कामावर, आणि मागे राहिलेली पोरं इमारतीच्या भिंती रेघोट्यांनी खराब करतात, म्हणून इमारतवाल्यांनीच जागा दिली होती. म्हणजे तिथली खोली, तिथली चाळ, तिथलं आपलं पद्मानगर! तिथून ही पद्धत कल्याणच्या त्या वातानुकूलित वर्गापर्यंत कशी आली कुणास ठाऊक, पण वाटेत गोदाम नक्की लागलं नसणार.

कारण आमचं साहित्य गोदामातून येतं. मानकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, जिकडे बघाल तिकडे गोदामं. अख्ख्या मुंबईने मोबाइलवर बोट लावून मागवलेलं सामान आधी इथे उतरतं. ज्यांचे वडील तिथे हमालीला किंवा पॅकिंगला, ती पोरं खोकी आणतात. खोक्यात बसता येतं, खोक्यावर बसता येतं, खोक्यातून दुकान निघतं, रेल्वे निघते. आणि ते फुगेवालं प्लास्टिक! बोटांच्या स्नायूंच्या विकासासाठी बाजारात मिळणाऱ्या लाकडी खेळण्याची किंमत मी सांगत नाही, पण दहा फुगे मोजून फोडायचे, पुढच्या ओळीतले दहा फोडायचे, तीन राहिले की बाईंना सांगायचं, यात बोटंही होतात आणि दशकही होतो. एक पोरगी होती, तिला जानेवारीपर्यंत 'क' ओळखता येत नव्हता. 'वाचनपूर्व तयारी अपुरी' असं मी लिहूनही टाकलं होतं. तिनेच मला एक दिवस अडवलं. "बाई, खोका उलटा ठेवलाय तुम्ही. बाण वर पायजे. आनी हा ग्लास हाय बघा, म्हंजे आपटायचा नाय." वाचत होती की! खोक्यावरचं जे होतं ते सगळं वाचत होती. पुस्तकातलं तेवढं आलं नव्हतं, आणि पुस्तकात ग्लास नव्हता.

तर नोंदी. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात गुणांबरोबर प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद करायची असते, आणि बेचाळीस मुलांच्या वेगवेगळ्या नोंदी कुठून आणणार, म्हणून तयार नोंदींच्या पुस्तिका मिळतात. त्यांची भाषा सरावाने कळते. 'परिसराचे सूक्ष्म निरीक्षण करतो', म्हणजे खिडकीबाहेर बघतो. 'स्वतःचे मत ठामपणे मांडते', म्हणजे ऐकत नाही. 'सहकाऱ्यांशी वस्तूंची देवाणघेवाण करतो', हे पेन्सिलचोरांसाठी. मी याहून जास्त सांगितलं तर पुस्तिकावाले माझ्यावर दावा लावतील.

अंकांचं मात्र सांगितलंच पाहिजे. २०१९ सालचा जून आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसच्या जोडीला 'वीस एक', त्रेसष्टच्या जोडीला 'साठ तीन' असं छापून आलं आणि महाराष्ट्र पेटला. विधानसभेत चर्चा झाली. ज्यांना आयुष्यात एकोणनव्वद आणि नव्याण्णव यांत फरक करता आला नाही, तेसुद्धा मायमराठीसाठी रस्त्यावर उतरायच्या गोष्टी करू लागले. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की, जोडाक्षरं लहान मुलांना जड जातात, बोलताना आधी तीन आणि मग साठ, लिहिताना आधी सहा आणि मग तीन, यात पोर गोंधळतं. कोण ऐकतो! मी आपली भाजी निवडत टीव्हीवर ते भांडण बघत होते आणि हसत होते, कारण माझ्या वर्गातली तेलुगू पोरं हे कैक वर्षं करत आली होती. तेलुगूत एकवीसला 'इरवै ओकटी' म्हणतात. वीस एक. ती पोरं घरून तसंच मोजून येतात आणि मराठीतही तसंच बोलतात. इकडे शुद्ध मराठी घरातलं पोर 'त्रेसष्ट' ऐकलं की छत्तीस लिहिणार, आणि 'एकोणतीस' म्हटलं की ठामपणे एकोणचाळीस. 'तीसच ऐकू आलं ना बाई,' असं वर मला विचारणार. यात त्याचं काय चुकलं? तिसाच्या नावाने हाक मारायची आणि घर विशीतलं दाखवायचं, हा आपला घोळ. दोन्ही पद्धती मी वर्गात चालवते. पोर आधी 'साठ तीन'च्या जिन्याने चढतं, मग कधीतरी आपोआप 'त्रेसष्ट'च्या लिफ्टमध्ये बसतं. याबद्दल अजून तरी माझ्यावर मोर्चा आलेला नाही.

दिवाळी झाली की वर्गाचा नकाशा बदलतो. वाडा, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, शहापूर इथून कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबं आमच्या तालुक्यातल्या वीटभट्ट्यांवर येतात. पावसाळ्याच्या तोंडावर भट्ट्या थंड झाल्या की परत जातात. शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं आणि यांचं कार्तिकात, म्हणजे ही पोरं इथे येतात तेव्हा अर्धं पुस्तक झालेलं असतं आणि गावी पोचतात तेव्हा उरलेलं. नव्वदच्या दशकात 'विधायक संसद' या संस्थेने ठाणे जिल्ह्यातल्या भट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या होत्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची ती बसकी खोपटी. वाकून आत शिरायचं, आणि तिथेच शाळा. माझ्या वर्गात यंदा अशी एक मुलगी आली. एकटी नाही आली. काखेत सहा-सात महिन्यांचा भाऊ होता.

"याला घरी ठेवून ये," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच जीभ चावली. घरी कोण होतं? आईबाप दोघंही विटा पाडायला. हिने भावाला ठेवायचं म्हणजे हिने घरी राहायचं. पटावर नाव तिचं, पण ती दोघांची मिळून एक होती.

इथे मला वहीतलं काही आठवलं नाही, कोसबाड आठवलं. माझ्या बहिणीचं सासर डहाणूला. तिच्याकडे गेले की कधीमधी त्या टेकडीवर जाऊन येते. कोसबाड आता पालघर जिल्ह्यात आहे, पण १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ते आमच्याच ठाणे जिल्ह्यात होतं, म्हणजे नात्याने आमची चुलत शाळाच. तिथली शाळा उभी करणाऱ्या ताराबाई मोडक या मूळच्या प्राचार्य पदावर बसलेल्या बाई. भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या, तिथून नूतन बाल शिक्षण संघ निघाला १९२६ मध्ये. पण शहरातली बालमंदिरं महाग पडतात, गरिबाची पोरं तिथे येत नाहीत, हे ध्यानात आल्यावर १९४५ साली त्या बोर्डीला आल्या. सोबत अनुताई वाघ. लहानपणीच विधवा झालेल्या, नोकरी करून शिकलेल्या. बालवाडी उघडली तरी वस्तीतली पोरं येईनात. तेव्हा या दोघी उठल्या आणि वस्तीतल्या अंगणात जाऊन बसल्या. सरकारने २ ऑक्टोबर १९७५ ला देशभर जी योजना सुरू केली, तिच्या अंगणवाडीतलं अंगण ते हे. १९५७ ला काम कोसबाडला गेलं. तिथे पोरं गुरांमागे जातात असं दिसल्यावर कुरणातच शाळा भरवली, तिचं नाव कुरणशाळा. आणि पोरी धाकट्यांना सांभाळत घरी बसतात असं दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. विकासवाडी. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली पहिलीत, आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांची गाठ. किती साधं! या दोघींपुढे 'विद्यार्थ्यांच्या गैरहजेरीची कारणे नमूद करा' असा तक्ता ठेवला असता तर त्यांनी त्याचं काय केलं असतं, याचा मी विचार करते. बहुधा त्यावर भाजी निवडली असती.

माझ्याकडे आवार नव्हतं, पाळणाघर नव्हतं. खोकं होतं. वॉशिंग मशीनचं, जाड पुठ्ठ्याचं, मजबूत. फुगेवाल्या प्लास्टिकची गादी, वर माझी जुनी ओढणी. त्या बाळाला खोक्यात निजवलं आणि खोकं माझ्या खुर्चीशेजारी ठेवलं. 'क' न येणारी पोरगी आली, चारी बाजू फिरून पाहून गेली, आणि म्हणाली, "बाण वर हायेत. बराबर."

आता गोंगाटाकडे वळते, कारण माझ्यावरचा सगळ्यांत जुना आरोप तोच. पहिलीचा वर्ग फार ओरडतो. खरंय, ओरडतो. कारखान्याला लागून घर असलेल्या पोराला सामान्य आवाजात बोलता येत नाही, ते जन्मापासून खटखटाटाच्या वर बोलायला शिकलेलं असतं. त्यात आणखी एक पेच आहे, तो मला फार उशिरा कळला. कारीगराची पाळी बारा तासांची. बाप रातपाळीला गेला की दिवसा झोपतो, आणि खोली एकच. म्हणजे घरी पोराने दिवसभर चूप बसायचं. रडायचं नाही, नाचायचं नाही, भांडं पाडायचं नाही. 'पप्पा सोये हैं' हे वाक्य ऐकत ते मोठं होतं. त्याला ओरडायला जगात एकच जागा आहे, ती माझा वर्ग. हे कळल्यावर मी सकाळची पहिली पंधरा मिनिटं ओरडण्यासाठी राखून ठेवली. अधिकृत. वेळापत्रकात त्याला 'भाषिक अभिव्यक्ती' म्हणतात.

मॉन्टेसरीबाईंचा एक शांततेचा खेळ आहे. एकदा त्यांनी चार महिन्यांचं तान्हं वर्गात आणलं आणि मुलांना दाखवलं, बघा हे किती शांत आहे, तुम्हाला जमेल का असं? पोरं गप्प झाली आणि मग घड्याळाची टिकटिक, पाखराचा आवाज असं काहीबाही ऐकू लागली. गिजुभाईंच्या 'दिवास्वप्न'मधला गुरुजी हाच शांतीचा खेळ पहिल्या दिवशी वर्गात करून बघतो आणि पोरं त्याचा असा फज्जा उडवतात की शेवटी तो त्यांना सुट्टी देऊन मोकळा होतो. मी दर वर्षी एकदा हा खेळ करते आणि दर वर्षी गिजुभाईंच्या बाजूने निकाल लागतो. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी असते म्हणून एकदा मुद्दाम शुक्रवार निवडला. माग बंद, सगळीकडे सामसूम. त्या सामसुमीत पोरं नेहमीएवढ्याच जोराने बोलत होती, आणि मीही. समोरच्या गल्लीतून एका आजीने येऊन विचारलं, "कुणी गेलं का?"

यंदा मी खेळ ठरवलाच नव्हता. गुरुवार होता, तिन्ही बाजूंनी माग धडधडत होते. बाळ खोक्यात कुरकुरत होतं, त्याची बहीण ते हलवत होती, आणि शेवटी एकदाचं झोपलं. बहिणीने ओठांवर बोट ठेवून वर्गाकडे पाहिलं.

बेचाळीस पोरं एका झटक्यात गप्प.

मी बघत राहिले. हे त्यांना मी शिकवलं नव्हतं. कुणीतरी झोपलेलं असताना कसं बसायचं, श्वास कसा घ्यायचा, पाटी न वाजवता कशी ठेवायची, यात ही पोरं घरूनच तयार होऊन आलेली. एकजण तर दप्तराची चेन दाताने हळूहळू उघडत होता. पाच मिनिटं गेली असतील. मग मागच्या रांगेतून एक करंगळी वर झाली. तो सातवाला. मी मानेनेच जा म्हटलं. तो जागचा हलला नाही. कुजबुजत्या आवाजात म्हणाला, "बाई, एक लूम बंद पडला."

मला काही ऐकू आलं नाही. मला २२ वर्षं तो एकच आवाज ऐकू येतो, धडधड. मी कान दिला. धडधड. बाकीची पोरंही ऐकू लागली. दोघा-तिघांनी माना हलवल्या, हो, बंद पडला. "कांडी संपली," तो म्हणाला. सगळे थांबले. मीही थांबले, काय ऐकायचं ते कळत नसताना. मग त्याने बोट वर केलं. "बदलली. आता चालू." आणि आपल्या जागी बसला, जसं काही त्याच्या आईने भरलेली ती कांडी त्यानेच जाऊन बसवली होती.

ऑक्टोबरच्या नोंदीत मी त्याच्या नावापुढे 'श्रवण : लक्ष देत नाही' असं लिहिलं होतं. ते खोडायला गेले तर पानाला भोक पडलं. खाडाखोड चालत नाही, म्हणून त्या भोकाला बाजूला सही केली.

अर्जाची मुदत शनिवारी संपत होती. मोठे सर दारात येऊन उभे राहिले तेव्हा बाळ जागं झालं होतं, खिचडी आली होती, दोघांनी एका वाटीवरून भांडण काढलं होतं, आणि पाच करंगळ्या वर होत्या. त्या गडबडीत मी रकाने भरले, सही केली, कागद दिला. सोमवारी कार्यालयातून फोन आला.

"बाई, अर्जात घोळ झालाय तुमच्या. नवव्या रकान्यात तत्त्वज्ञान लिहायचं होतं."

"मग?"

"तुम्ही तिथे लिहिलंय, 'शौचालय आहे. कडी आतून लागते, पण मुलांच्या हाताला पुरत नाही, खाली बसवून मिळावी. नळाला सकाळी अकरापर्यंतच पाणी असते.' हे आठव्यातलं आहे. चुकून खाली आलं."

"आठव्यात काय लिहिलंय मी?"

"तिथे पण तेच आहे."

"मग बरोबर आहे," मी म्हटलं. "कडीचं तेवढं बघा."